चालत्या कामातून मुक्ताला आणलं

बंगळूरहून आल्यापासून गल्लीतली प्रत्येक बाई विचारते, "काय काय बघितलंत?" बागा बघितल्या का, राजवाडा बघितला का, रेशमी साडी आणलीत का. नाही हो बायांनो, यातलं काही नाही. सहा दिवसांत मी एक डोशाचं हॉटेल, एक ऑफिस, तळ्याकाठचा एक बाक आणि माझी लेक एवढंच बघितलं. तरी लिहून ठेवते, कारण असा प्रवास माझ्या वाट्याला पुन्हा येईलसं वाटत नाही.

आधी घरचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. हात मांडीवर पडून असतो, ओठाचा डावा कोपरा उतरलेला. बोलतात, पण एकेक शब्द खोल विहिरीतून पोहऱ्यानं ओढावा तसा येतो. आमची एकुलती एक मुक्ता बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. तेव्हा तिला मी फोनवर सांगितलं, "जरा बी.पी. वाढलं होतं, ॲडमिट केलं होतं, आता घरी आहेत." ती म्हणाली, निघते. मी म्हटलं, काही गरज नाही. त्याच आठवड्यात तिच्या ऑफिसचं काम एका नव्या शहरात सुरू व्हायचं होतं. लेकीच्या कामात आपली लुडबुड नको, असं वाटलं मला. मेलं माझं शहाणपण!

मग ते शहाणपण चालूच ठेवावं लागलं. रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल. पावणेसातला मी ह्यांचे केस विंचरायची, इस्त्रीचा शर्ट चढवायची, खुर्ची भिंतीशी घ्यायची आणि उजवा गाल पुढे येईल असा फोन स्टँडवर ठेवायची. "बरं आहे", "जेवलीस का" आणि "काळजी घे" ही ह्यांची तीन वाक्यं ठरलेली. चौथं मी बोलू द्यायची नाही, कारण चौथ्याला जीभ अडखळते. बाहेरच्या खोलीतला सोफा गेला, कठड्याचा पलंग आला, न्हाणीत धरायला दांडे बसले, दाराचा उंबरा काढला. अख्खं घर बदललं आणि सातचा कॉल एक दिवस चुकला नाही. तिला पत्ता लागला नाही याचा मला अभिमानसुद्धा वाटायचा. आता लाज वाटते.

मुक्ता तरी कुठं येत होती! दोन दिवाळ्या, दोन गणपती, प्रत्येक वेळी तिकीट काढायची आणि आदल्या दिवशी रद्द करायची. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही, लेकीला एकदा येऊन जाऊ दे. त्या संध्याकाळी हे आपण होऊन बोलले. "तिला... बघायचंय." मी म्हटलं, रोज बघताच की. तर मान हलवली. "हात... लावून."

तेव्हा ठरवलं. तिला खरं काय ते समोर बसून सांगायचं आणि घेऊन यायचं. फोनवर सांगायची छाती नव्हती माझी. नणंद, शालूताई, आठ दिवस घरी येऊन राहिल्या. त्यांच्यासाठी वहीत चार पानं लिहिली, कुठली गोळी कधी, कुठल्या कुशीवर निजवायचं, भात किती मऊ. आणि मिरजेला जाऊन गाडीत बसले.

यशवंतपूर, सोमवार

पोरीला ज्वारीची भाकरी आवडते म्हणून पाच किलो पीठ दळून नेलं होतं. बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनवर उतरताना पिशवी दाराच्या कडीत अडकली आणि फाटली. मी गडद जांभळी साडी नेसलेली. फलाटावर उभी राहिले तेव्हा कमरेपासून खाली पांढरीफटक! एक हमाल कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला आणि हसला. मला कन्नड कळत नाही ते बरंच.

मुक्ता कुठं दिसेना. शोधता शोधता दिसली ती जिन्यापाशी, रचलेल्या पार्सलांच्या खोक्यांवर लॅपटॉप उघडून उभी. मला बघितलं, चेहरा फुलला आणि एक बोट वर केलं. एक मिनिट. अडीच वर्षांनी लेक भेटते आणि म्हणते एक मिनिट! मी पिठानं माखलेली तिथंच उभी राहिले. खरं सांगते, राग आला नाही. तिच्या भुवयांच्या मध्ये तिच्या बापासारखी आठी पडली होती, ती बघत राहिले. मग तिनं लॅपटॉप मिटला आणि अशी मिठी मारली की तिचाही काळा कुर्ता पांढरा झाला.

टॅक्सी तासभर मुंगीच्या पावलांनी चालली होती. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते, वर माणसं लोखंड बांधत होती आणि खालून बसगाड्या, रिक्षा, दुचाक्या वळसे घेऊन चालल्या होत्या. आमच्या सांगलीत गटार दुरुस्त करायचं तरी पंधरा दिवस गल्ली बंद असते. मी विचारलं, "अगं, रस्ता बंद करून का नाही बांधत?"

"बंद केला तर शहर कुठून जाईल, आई? माझंही काम हेच. थांबवायचं नाही आणि बदलायचं."

इंदिरानगर, अजून सोमवारच

मुक्ता इंदिरानगरात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खाली घरमालकीण सावित्रीअक्का. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांची मराठी ऐकून मला गंमत वाटली, शब्द आपलेच पण चाल कानडी. "या अक्का, या. प्रवास सरी झाला काय? स्वल्प बसा, कॉफी देते." मी वयानं मोठी की त्या, कुणास ठाऊक, पण इथं सगळ्या अक्काच. कॉफी स्टीलच्या पेल्यात, खाली खोल वाटी. एका पेल्यातून दोघींनी वाटून प्यायची असेल तर त्याला म्हणतात बाय-टू. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा कप देऊन बघा, जन्मभर नाव ठेवील.

मुक्ता वर गेल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "तुमची मुलगी फार चांगली. पण न्हायला जाताना पण फोन घेऊन जाते. ताप आला होता, तरी मांडीवर तो डबा. मी म्हणले, बंद कर की गं. म्हणाली, अक्का, बंद नाही होत."

संध्याकाळी सातला तिनं नेहमीसारखा घरी फोन लावला. मी पहिल्यांदाच अलीकडच्या बाजूला बसले होते. पलीकडे शालूताईंनी, मी स्टँड जिथं ठेवून आले होते तिथंच फोन ठेवलेला. पडद्यावर हे आले. विंचरलेले केस, पांढरा शर्ट, उजवा गाल, मागं निळी भिंत. "बरं आहे," म्हणाले. काय सांगू, मलाच ते पटलं! ज्या माणसाला मी आदल्या दिवसापर्यंत घास भरवत होते, त्याच्याकडे बघून वाटलं, किती बरे दिसतात, आता उठून पेपर आणायला जातील. दोन वर्षांपूर्वीचा माझा नवरा होता तो. इतकी आठवण आली त्यांची की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले. मुक्ता म्हणाली, "बाबांची तब्येत सुधारलीय नाही?" तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू म्हटलं.

कोरमंगला, बुधवार

मंगळवार असाच गेला. बुधवारी मुक्ता म्हणाली, चल, ऑफिस दाखवते. आधी कोपऱ्यावरच्या उभ्याच्या हॉटेलात खायला गेलो. इथं बसायला खुर्च्याच नाहीत, छातीएवढ्या उंच टेबलापाशी सगळे उभे. सांबार गोड. चटणी मात्र अशी की मी दोनदा मागून घेतली. पुढ्यातच मोठा तवा, त्यावर एका वेळी बारा-चौदा डोसे. मी बघत होते तेवढ्यात दुसरा आचारी एप्रन बांधत आला आणि पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मला वाटलं आता पहिला उलथनं त्याच्या हातात देईल. तसं नाही. तव्यावरचे डोसे पहिल्यानंच उलटले, उतरवले. नवीन पीठ मात्र आता दुसराच ओतायला लागला. पहिला काम करता करता त्याच्या कानात सांगत होता, बहुतेक कुणाला कांदा नको, कुणाला लोणी जास्त. त्याचा शेवटचा डोसा ताटलीत पडला आणि तो एप्रन सोडून निघून गेला. रांगेतल्या एकालाही कळलं नाही की आचारी बदलला.

"आई!" मुक्ता माझ्याकडे बघत होती. "सात वर्षं मी लोकांना चित्रं काढून हेच समजावतेय."

मग तिनं सांगितलं. तिची यंत्रणा कुठल्या रुग्णाला कुठली ॲम्ब्युलन्स पाठवायची ते ठरवते, बऱ्याच शहरांत. एक क्षण बंद ठेवायची सोय नाही. म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी बांधलीय. एक तुकडा फोन घेतो, एक नकाशा बघतो, एक जवळची गाडी शोधतो. सुधारणा करायची तर एकेक तुकडा काढून तिथं नवा बसवायचा, बाकीचे चालूच. पण जुन्याच्या हातात कुणाचं काम अर्धवट असेल तर त्याला हलवायचं नाही, आणि जाताना त्याला जे ठाऊक आहे ते सगळं नव्याला दिलं पाहिजे.

"आणि गंमत काय आहे, हे तुकडे एकमेकांना नावानं ओळखत नाहीत. जवळची गाडी शोधणारा कोण आहे, एवढंच विचारतात. आज एक असेल, उद्या दुसरा. काम करणारा असला की झालं."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढलीत, मला हे नवं नव्हतं. आमच्याकडे दोन प्रोसेसर असायचे. एक गावाचे कॉल जोडायचा, दुसरा शेजारी तयार. नवा प्रोग्राम दुसऱ्यात घालायचा, मग दुसऱ्याला पुढे करायचं. ते आम्ही दुपारी अडीचला करायचो, कारण त्या वेळी सांगली झोपलेली असते. बोलणाऱ्याचं बोलणं तुटायचं नाही. ते दिवस आठवून ऊर भरून आला. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या कामाचं बोललं होतं, आणि ते माणूस माझीच लेक!

ऑफिसात शरत भेटला. उंच, लाजाळू, मंड्याकडचा. मुक्ताच्या हाताखाली तीन वर्षं. त्याला मराठी येत नाही, मला कन्नड नाही, म्हणून हिंदी, आणि माझं हिंदी म्हणजे सांगलीच्या बाजारातलं. मी विचारलं, यंत्रणा अडली तर तुम्ही कुणाला विचारता? शरत निरागसपणे म्हणाला, "आंटी, मुक्ता है ना।"

"म्हणजे तिथं मात्र नावानंच विचारतात," मी मुक्ताला म्हटलं. "तुझा दुसरा प्रोसेसर कुठाय?"

"हाच की. शरत."

"याला पुढे केलंय कधी, तू नसताना?"

मुक्ता लॅपटॉप उघडायला लागली, म्हणून तेच मी शरतला हिंदीत विचारलं. त्यानं हसत सांगितलं. दर वेळी ठरतं की बदल तो करणार. मुक्ता शेजारी बसते. पाच मिनिटं हाताची घडी घालून बसते, सहाव्या मिनिटाला म्हणते, जरा सरक. एक्स्चेंजमध्ये आमचे साहेब दर मंगळवारी दोन्ही प्रोसेसरांची अदलाबदल करायला लावायचे, गरज असो नसो. नुसता शेजारी उभा आहे म्हणजे वेळेला चालेल, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हे मी शरतला सांगितलं. तो हसला, मुक्ता नाही हसली. आणि मी तरी कुठली मोठी शहाणी, दोन दिवसांत शालूताईंना अकरा फोन केले होते, गोळी दिली का म्हणून.

इंदिरानगर, गुरुवार

आज सांगायचंच असं ठरवून मी दुपारी भाकऱ्या केल्या. उरलेल्या पिठाच्या सहा झाल्या. मुक्ता पावणेसातला आली, भाकरी बघून लहान मुलीसारखी ओट्याशीच उभी राहून खायला लागली. तिच्या तोंडातला घास बघून मी नुसतं पाण्याचं भांडं पुढे केलं. जेवू दे, मग सांगू.

सात वाजले. तिनं फोन लावला. मी शेजारी.

पलीकडे शालूताईंनी त्या दिवशी खोली झाडायला स्टँड उचलून ठेवला होता. फोन त्यांच्या हातात. पडदा अंधारलेला. "थांब गं मुक्ता," त्यांचा आवाज आला, "इकडनं उजेडच नाही. खिडकीच्या बाजूनं दाखवते." चार पानं लिहिली होती मी त्यांच्यासाठी. फोन कुठल्या बाजूनं धरायचा ते एक लिहिलं नव्हतं. कसं लिहिणार? लिहायचं म्हणजे मी काय करते ते कागदावर कबूल करायचं.

मी "अहो ताई" म्हणेपर्यंत त्या फिरल्या होत्या. आधी पलंगाचे कठडे दिसले. मग खिडकीच्या उजेडात ह्यांचा डावा गाल, उतरलेला ओठ, मांडीवर पालथा पडलेला हात. "बरं... आहे," हे म्हणाले.

मुक्ताचा घास हातातच राहिला. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, डावा हात उचला."

ह्यांनी मला शोधलं. फोनच्या मागं रोज जिथं मी उभी असते तिथं बघितलं. मी तिथं नव्हते. मग उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट धरलं, हात उचलला आणि लेकीला दाखवला.

फोन बंद झाल्यावर तिनं विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सोफा कुठंय?"

"दिला."

ती उठून खिडकीशी गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज अगदी सरळ. तो सरळ आवाज मला जास्त लागला. "आई, आम्ही आतलं सगळं बदलतो आणि बाहेरच्याला कळू देत नाही, खरंय. पण आत काम करणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो. काय बदललं, कधी, कुणी, सगळं लिहिलेलं असतं. आपल्याच माणसाला न सांगता कुणी बदललं ना, तर त्याच्यावर कुणी पुन्हा विश्वास ठेवत नाही. मी बाहेरची होते का गं?"

उत्तर नसलं की मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "आतली होतीस तर दोन वर्षांत आली का नाहीस? तिकिटं काय मी रद्द केली?"

मग दोघी रडलो. चांगल्या मोठ्यानं रडलो असणार, कारण अक्का दोन पेले कॉफी घेऊन जिना चढून वर आल्या. दोघींकडे बघितलं, पेले ठेवले. "सरी. स्वल्प रडून घ्या. मग खाली या, अन्न-सारू केलंय." त्यांनी ना काही विचारलं, ना समजूत घातली. खाली गेलो, गरम भात आणि चिंचेचं तिखट सार पुढ्यात आलं. मुक्ता जेवताना माझ्याशी बोलली नाही, पण माझ्या पानात तूप तिनंच वाढलं.

तळ्याकाठी, शुक्रवार

सकाळी उठले तर ती कागदावर लिहीत बसली होती. मला वाटलं राजीनामा लिहिते की काय! तर यादी होती. तिला जे जे तोंडपाठ होतं आणि कुठंच लिहिलेलं नव्हतं, ते सगळं. भरलेली तीन पानं.

"आज दुपारी गाडी शोधणारा तुकडा बदलायचाय. शरत एकटा करेल. मी ऑफिसात थांबणार नाही. झालं नीट, तर उद्या तुझ्याबरोबर येते. चार दिवस."

"आणि नाही झालं तर?"

"तर नवा काढून जुना परत बसवता येतो, ती सोय आहेच. कुणाची ॲम्ब्युलन्स अडणार नाही. पण मग मला इथंच राहावं लागेल." थोडं थांबून म्हणाली, "तो दोन महिन्यांपासून तयार आहे, आई. मीच नव्हते."

मी म्हटलं अडीचला करा. ती हसली, कालपासून पहिल्यांदाच. "बंगळूर दुपारी झोपत नाही गं." पण वेळ अडीचचीच ठेवली.

तिची यादी शरतनं पूर्ण वाचली, चार प्रश्न विचारले. तो खुर्चीत बसला आणि मी मुक्ताला दंडाला धरून बाहेर काढलं. तिचा फोन मी माझ्या पिशवीत टाकला, आवाज मोठा करून. खरंच अडलं तर शरत त्यावर फोन करणार होता.

रिक्षावाल्याला जवळचं तळं म्हटलं, त्यानं स्वल्प दूर, स्वल्प दूर करत अर्धा तास फिरवून एका तळ्याशी सोडलं. बाकावर बसलो. आमची कृष्णा दुपारी शांत असते तसं पाणी होतं, फक्त काठावर मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई हातानं मापून गजरा तोडत होती. मी एक घेतला, मुक्ताच्या केसात माळायला गेले. तिचं लक्षच नव्हतं. बोटं मांडीवर चालत होती, नसलेल्या कीबोर्डवर. दोन वीस. दोन पस्तीस. मला मनातून काय वाटत होतं सांगू? देवा, त्या शरतला यश दे. माझ्या घरी एक माणूस लेकीला हात लावायला थांबलाय.

तीनला दहा मिनिटं होती. पिशवीत फोन वाजला. मुक्ता बाकावरून उडालीच. मी पिशवीत हात घातला, चष्म्याची डबी, रुमाल, किल्ल्या, शेवटी फोन निघाला. माझा. शालूताई विचारत होत्या, हिंग कुठं ठेवलाय.

"खाली, डाव्या खणात!" मी अशी खेकसले की गजरेवाली वळून बघायला लागली.

साडेतीनला मुक्ताच्या फोनवर शरतचा संदेश आला. झालं, सगळं नीट चाललंय, मी जेवायला जातो. बस, एवढंच. मुक्तानं तो दोनदा वाचला. मला वाटलं ही आनंदानं नाचेल. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "एकदाही नाही विचारलं गं त्यानं मला. एकदा तरी विचारेल वाटलं होतं."

मला कळलं ते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरून एक्स्चेंजला फोन लावला होता मी, उगीच, बघायला. लगेच लागला. फार वाईट वाटलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर, ते तिला त्या बाकावर सांगितलं. आणि म्हटलं, "त्यांना नाही लागत तू चार दिवस. आम्हाला लागतेस. रोज लागतेस. मी दोन वर्षं तोंडानं उलटं सांगत होते, ती माझी चूक." तिनं डोकं उचललं नाही. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो.

सांगली, रविवार

तत्काळमध्ये दोन तिकिटं मिळाली. अक्कांनी वाटेत खायला चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात दिला आणि ह्यांच्यासाठी कॉफीची पूड. मुक्ता गाडीत बसल्यावर झोपली ती मिरज आल्यावरच उठली. मी तिच्याकडे बघत आले. प्रवासात मी काय बघितलं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ते आहे.

घरी पोचलो तेव्हा शालूताईंनी ह्यांना खुर्चीत बसवलं होतं, खिडकीशी. मुक्ता दारात क्षणभर थांबली. खोली तिला नवीच होती. मग बॅग तिथंच टाकून ती आली, खाली जमिनीवर बसली आणि तो पडलेला हात दोन्ही हातांत घेऊन आपल्या गालाला लावला. हे बघत राहिले. उजवा हात हळूहळू वर आला आणि तिच्या डोक्यावर टेकला.

मग त्यांनी तोंड उघडलं. शब्द येईना. मला सवय झालीय, त्यांचं वाक्य मीच पुरं करते. मी बोलणार होते, "प्रवास कसा झाला विचारतायत." मुक्तानं माझ्याकडे फक्त बघितलं. मी गप्प बसले. तीही वाट बघत राहिली, घाई नाही, मान हलवणं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

"थकलीस... गं," हे म्हणाले. पुन्हा बराच वेळ गेला. "फोनवर... दिसत... नव्हतं."

"तुमचंही नव्हतं दिसत, बाबा."